आठवड्याभरातलं हिमयुग

रोलँड एमेरिचचा २००४ सालचा 'द डे आफ्टर टुमॉरो' परवा पुन्हा पाहिला. वरची अतिथंड हवा खाली येते आणि माणसं उभ्याउभ्या गोठतात! अहो, खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, एवढं तरी विचारायचं कुणाला.

पण हसून सगळंच थोतांड ठरवणं मला पटत नाही. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी युरोप खरोखरच पुन्हा गारठला होता. वितळत्या बर्फाचं गोडं पाणी अटलांटिकमध्ये शिरलं आणि उबदार प्रवाह मंदावला, असं बरेच अभ्यासक मानतात. ती थंडी बाराएकशे वर्षं टिकली. मग ग्रीनलंड काही दशकांतच तापलं. दशकं, दिवस नव्हेत. म्हणजे माझी नोकरी झाली जेमतेम तेवढी. तिथल्या बर्फाच्या थरांत ते मोजता येतं.