‘सी’ भाषेतील अक्षरशोध

१९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ‘सी’ ही संगणकभाषा सिद्ध केली. पूर्वीच्या ‘बीसीपीएल’ भाषेत अक्षरमालेच्या आरंभी तिची लांबी नोंदविली जाई. ‘बी’ भाषेने ती प्रथा सोडून अंतखूण स्वीकारली. ‘सी’ने शून्य हीच ती खूण ठरविली. म्हणूनच १९८९ च्या अमेरिकन प्रमाणातील ‘स्ट्र-चर’ हे फलन शून्य येईपर्यंत एकेक बाइट ताडून पाहते. येथे अक्षर म्हणजे बाइट, हे गृहीत आहे. १९९२ मध्ये योजिलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत मात्र देवनागरी ‘क’ तीन बाइट व्यापतो; सबब तो या फलनास गवसत नाही. उपमाला शोधणारे ‘स्ट्र-स्टर’ त्यास शोधते, परंतु ‘क्ष’मधील ‘क’ही तेच उत्तर देतो. अक्षर म्हणजे काय, हा प्रश्न अखेर भाषाशास्त्राकडेच परततो.