ट्रॅक्टरची बॅटरी आणि चौथा चिमटा

आजची गोष्ट सुरू होते गोदाकाठच्या सायखेड्यात, निफाड तालुक्यात. द्राक्षाची गोडी छाटणी झाली की फवारणीची घाई सुरू होते. आणि पावसाळाभर शेडमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर नेमका त्याच सकाळी नुसता 'टक्' आवाज करून गप्प बसतो. मग कांद्याची पिकअप शेजारी लावायची आणि जंपर केबल काढायची. लाल-काळे मिळून चार चिमटे. तीन लागले. चौथा, शेवटचा काळा, कुठे लावायचा?

बहुतेक जण तो सरळ बंद बॅटरीच्या निगेटिव्हवर लावतात. बहुतेक वेळा काही होत नाही, म्हणून तर ही सवय टिकलीय. पण कधीतरी बॅटरी तोंडासमोर फुटते. का फुटते, हे समजायला 1859 सालात जावं लागेल.

त्या वर्षी गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये पट्टी ठेवली, गुंडाळी केली आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या पातळ द्रावणात बुडवली. पुन्हा पुन्हा चार्ज होणारी ही पहिली बॅटरी. 1881 मध्ये कामीय फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला आणि ती जास्त वीज साठवू लागली. गंमत बघा, तुमच्या ट्रॅक्टरमध्ये आजही मुळात हेच आहे. शिसं, ॲसिड, आणि साधारण दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे, मिळून 12 व्होल्ट.

पण तेव्हापासून एक खोड सोबत आहे. चार्जिंग संपत आलं की वीज पाण्याला फोडायला लागते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत जेमतेम 4 टक्के हायड्रोजन जमला तरी एक ठिणगी पुरते. आणि हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही.

सुरुवातीला बॅटरीचा गाडी सुरू करण्याशी संबंध नव्हता. गाडी हँडल मारून सुरू व्हायची, आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. 1912 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला. मनगटं वाचली, पण बॅटरीला आता क्षणात शेकडो अँपिअर द्यावे लागत होते. हातातला पाना पॉझिटिव्ह टर्मिनल आणि गाडीच्या लोखंडाला एकदम टेकला, तर तो लालबुंद होतो. बोटात अंगठी असेल तर विचारूच नका. 12 व्होल्टचा शॉक बसत नाही, हे खरं. भाजतं मात्र भयंकर.

आपल्याकडे बॅटरी गाडीतून उतरून घरात शिरली. 25 जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं. ज्या गावांत विजेचा भरवसा नव्हता, तिथे ट्रॅक्टरची बॅटरी काढून छोट्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायचे. अख्खी आळी एका खोलीत. त्या पिढीला बॅटरीचं बूच उघडून पाणी बघायची सवय होती. घातक सवयही होती, अंधारात काडी पेटवून पाणी बघायची! पुढे लोडशेडिंगच्या वर्षांत इन्व्हर्टर आले आणि बॅटरी बंद खोलीत, कॉटखाली चार्ज होऊ लागली. तिला हवा खेळती लागते, हे दुकानदाराने सांगितलं असेल तर नशीब.

आणि जुनी बॅटरी? ती भंगारात. ॲसिड गटारात ओतायचं, शिसं वितळवायचं. हे शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याचे नियम देशात 2001 मध्ये आले, 2022 मध्ये नवे आले. सायखेड्यात नदीला गेलेलं सगळं खाली नांदूर मध्यमेश्वरकडे जातं, जिथे पक्षी बघायला आपण मुलांना नेतो. म्हणून जुनी बॅटरी न फोडता दुकानदाराला परत द्या, किमतीत सूटही मिळते.

आता 'मेंटेनन्स फ्री'ची गोष्ट. 1970 च्या दशकात शिशात कॅल्शियम मिसळून अशा बॅटऱ्या निघाल्या. पाणी कमी उडतं, म्हणून भरायला बूच नाही. माझ्या मते गोंधळ इथेच झाला. बूच गेलं आणि लोकांना वाटलं वायूही गेला. तो गेलेला नाही. वायू बाहेर सोडणारं बारीक छिद्र अजून आहे, फक्त आपल्याला ते दिसत नाही.

तर चौथा चिमटा. सर्किट पूर्ण करणारा जोड शेवटचा असतो, म्हणून ठिणगी तिथेच पडते. ती बॅटरीवर, वायूच्या तोंडाशी पडायला नको. आधी लाल चिमटा बंद बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग काळा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला. आणि शेवटचा काळा बंद ट्रॅक्टरच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना नेमका उलटा क्रम. दोन्ही गाड्या 12 व्होल्टच्याच हव्यात, आणि बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर हा उद्योग करूच नका.

बॅटरी खोलायची असेल तर निगेटिव्ह आधी काढायचा, बसवताना शेवटी लावायचा. आजच्या गाड्यांत निगेटिव्ह लोखंडाला जोडलेला असतो. तो सुटला की पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी नाही. ब्रिटिश बनावटीच्या अनेक जुन्या गाड्यांत मात्र पॉझिटिव्ह लोखंडाला जोडलेला असायचा, तेव्हा आजोबांची जुनी गाडी असेल तर आधी वायर कुठे गेलीय ते बघा.

डोळे सगळीकडून झाकणारा सुरक्षा चष्मा घाला, साधा गॉगल पुरत नाही. जवळ पाण्याची बादली ठेवा. ॲसिड डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, पापण्या उघड्या धरून किमान 15-20 मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहायचं आणि मग थेट दवाखाना. जमिनीवर सांडलं तर खायचा सोडा टाका. फसफस थांबेपर्यंत टाकत राहा, मग धुवा.