पापनाशम दोन आहेत

कुंभकोणमहून तंजावरकडे निघालं की वाटेत पापनाशम लागतं. तंजावर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एकेकाळी तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखातलं. पहिल्यांदा निघालो तेव्हा मी फोनवर नुसतं 'पापनाशम' लिहिलं. नकाशाने दाखवलं ते शेकडो किलोमीटर दूरचं, तिरुनेलवेलीकडचं, धरणाचं पापनाशम. कमल हासनचा २०१५ सालचा 'पापनाशम', म्हणजे 'दृश्यम'चा तमिळ अवतार, त्याच भागात घडतो. नकाशा एका अर्थी बरोबर होता. मी नाव सांगितलं, त्याने त्या नावाचं गाव दिलं.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर. माणसाऐवजी प्रोग्रामने ब्राउझर उघडायचा, अर्ज भरायचा, बटण दाबायचं आणि पुढे जे होईल ते तपासायचं, अशा चाचण्या मी लिहितो. त्यातला सगळ्यात जुना प्रश्न हाच : कुठलं बटण, हे प्रोग्रामला सांगायचं कसं?

पापनाशमच्या रामलिंगस्वामी मंदिरात हा प्रश्न डोळ्यांना दिसतो. १०८ शिवलिंगं आहेत. बहुतेक आत, रांगांनी मांडलेली, एकासारखं एक. त्यातलं एखादं दाखवायचं तर 'अमुक रांगेतलं सातवं' म्हणावं लागतं. पण हनुमंताने काशीहून आणलं अशी कथा असलेलं लिंग बाहेर वेगळं आहे. 'हनुमंताचं' म्हटलं की कुणीही तिथे नेतं. आतल्या रांगेत उद्या एक वाढलं तर सातव्याचं आठवं होईल. हनुमंताचं मात्र हनुमंताचंच राहील.

आमच्या धंद्याची सुरुवात याहूनही कच्ची होती. मर्क्युरी कंपनीच्या विनरनरमध्ये एक पद्धत सरळ माऊसची हालचाल टिपून ठेवायची : पडद्यावर इतकं आडवं, इतकं उभं, तिथे टिचकी. खिडकी जरा सरकली की टिचकी हवेत. त्याच विनरनरमध्ये दुसरी, शहाणी पद्धत होती, जी वस्तूचं वर्णन लिहून ठेवायची. पण हे सगळं विकतचं. २००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्समधल्या जेसन हगिन्सने कंपनीच्याच कामाचे तास नि खर्च भरायच्या अ‍ॅपसाठी एक साधन लिहिलं. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषावर उतारा सेलेनियम. नाव त्या थट्टेतून पडलं.

सेलेनियमबरोबर आमच्या हाती एक्सपाथ आलं. ते मुळात एक्सएमएलसाठी, १९९९ सालचं. 'तिसऱ्या चौकटीतल्या दुसऱ्या तक्त्यातली चौथी ओळ' असा पत्ता त्यात लिहिता येतो. आम्ही हरखलो. शिनया कासातानीच्या सेलेनियम आयडीईत तर नुसतं क्लिक करत जायचं, पत्ते आपोआप टिपले जायचे. ब्राउझरही असा पत्ता तयार करून देऊ लागला, आम्ही तो उचलून चिकटवायचो. डिझायनरने एक जाहिरात वर टाकली की सकाळी चाळीस चाचण्या लाल. रांगेतलं सातवं, दुसरं काय!

पण लाल चाचणीने कधी कुणाचं मोठं नुकसान केलं नाही. भीती हिरवीची.

आमच्याकडे एका अर्जाच्या पानावर दोन 'जतन करा' बटणं होती : वर पत्त्याचं, खाली वारसदाराचं. माझी चाचणी वारसदाराचं नाव भरून 'जतन करा' दाबायची आणि 'माहिती जतन झाली' असा निरोप आला की खूश व्हायची. सेलेनियमकडे एक घटक मागा आणि दहा जुळोत, तो मुकाट्याने पहिला देतो. माझी चाचणी रोज पत्ताच जतन करत होती. मधल्या एका बदलात खालचं बटण बिघडलं. आमच्याकडे सगळं हिरवं. नवरा गेल्यावर एका बाईंचा फोन आला की त्यांचं नाव नोंदवलेलं सापडत नाही, तेव्हा आम्हाला कळलं. कागदपत्रं गोळा करून त्यांचं काम मार्गी लागायला फार दिवस गेले. ती ओळ मी लिहिली होती.

पुढचा इतिहास मला या चुकीच्या उजेडातच दिसतो. २०१८ मध्ये वेबड्रायव्हर अधिकृत मानक झालं, त्यात घटक शोधायच्या पाच पद्धती आहेत. सगळ्या कामाच्या, पण एक घटक मागितला तर पहिलाच मिळणार, हे तिथेही तसंच. मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइटने ते मोडलं. त्याला एका बटणावर टिचकी मारायला सांगा आणि दोन जुळू द्या, तो थांबतो, दोन्ही दाखवतो आणि चाचणी पाडतो. 'पापनाशम? कुठलं?' असं विचारणारा वाटाड्या. शिवाय पानाच्या पोटातल्या रचनेऐवजी माणसाला दिसतं तेच सांगायचं, 'वारसदार विभागातलं जतन करा हे बटण', असा कल आता आहे. अंध लोकांच्या स्क्रीन रीडरला लागणारी माहितीच इथे उपयोगी पडते, हे मला फार आवडतं.

मात्र मराठीत यालाही एक मेख आहे. 'दुसऱ्या वारसदाराचं नाव' या शब्दांनी मी रकाना शोधला, सापडेना. डोळ्यांना अक्षर न् अक्षर तेच. शेवटी कळलं की 'दुसऱ्या'तला तो चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पानावर एक होता, माझ्या चाचणीत दुसरा. प्रोग्रामला ते दोन वेगळे शब्द. मी पान बनवणाऱ्या मुलाकडे गेलो आणि त्या रकान्याला फक्त चाचणीसाठी एक वेगळी खूण मागितली. तो कुरकुरला, पण दोन मिनिटांत लावून दिली. वारसदाराच्या 'जतन करा'लाही त्याच दिवशी लावून घेतली.