मालिकेच्या दिग्दर्शकाची नोंद ऑनलाइन विश्वकोशात केव्हा होते?

वसई, प्रतिनिधी : मालिका घराघरांत पोहोचते, नायिकेचे नाव आबालवृद्धांना पाठ होते, दिग्दर्शकाचे नाव मात्र श्रेयनामावलीबरोबर क्षणार्धात सरकून जाते. नायगावच्या सेटवर राबणाऱ्या आणि रात्री उशिरा नालासोपारा-विरारची लोकल पकडणाऱ्या कलावंत-तंत्रज्ञांना हा अनुभव नवा नाही. म्हणूनच 'विकिपीडियावर नाव आहे का?' या प्रश्नाला या व्यवसायात अलीकडे वजन आले आहे. नोंद कोणाची होते, कोणाची काढून टाकली जाते आणि हे ठरवते कोण, याविषयी मात्र गैरसमजच अधिक आहेत.

छापील कोशांच्या काळात हा प्रश्न संपादकाच्या टेबलावर सुटत असे. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश २३ खंडांचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. पाने मोजकी, त्यामुळे निवड कठोर. विकिपीडियाला (इंग्रजी आवृत्ती २००१, मराठी २००३) पानांची मर्यादा नाही आणि प्रमुख संपादकही नाही. लिहिणारे सारे स्वयंसेवक. मग निवाडा करायचा कशावर? त्यासाठी या मंडळींनी 'उल्लेखनीयता' हा निकष ठरवला.

हा शब्द फसवा आहे. उल्लेखनीय म्हणजे थोर किंवा गुणी असा येथे अर्थ नाही. संबंधित व्यक्तीशी हितसंबंध नसलेल्या, विश्वासार्ह प्रकाशनांनी तिच्याविषयी पुरेशा तपशिलाने लिहिले आहे का, एवढेच पाहिले जाते. लिहिले असेल तर चरित्र रचता येते. नसेल तर लिहिणाऱ्याला ऐकीव माहितीवर विसंबावे लागते. सर्जनशील व्यवसायांतील व्यक्तींसाठी आणखी एक वाट आहे. एखाद्या महत्त्वाच्या कलाकृतीच्या निर्मितीत त्या व्यक्तीचा मोठा वाटा असावा आणि त्या कलाकृतीवर अनेक स्वतंत्र लेख वा परीक्षणे आलेली असावीत.

चित्रपट दिग्दर्शकाला ही वाट सोपी जाते. चित्रपट त्याच्या नावाने ओळखला जातो आणि परीक्षणात त्याच्यावर परिच्छेदभर तरी मजकूर असतोच. मालिकेचे तसे नाही. ती वर्षानुवर्षे चालते, दिग्दर्शक बदलतात, एकाच वेळी दोन युनिटे काम करतात. 'आभाळमाया' म्हटले की विनय आपटे आणि मंदार देवस्थळी अशी दोन नावे पुढे येतात. कोणत्या टप्प्याचे श्रेय कोणाला, हे प्रेक्षकाने कधी विचारले नाही. 'दामिनी'तील प्रतीक्षा लोणकर सर्वांना आठवते. दिग्दर्शन कांचन अधिकारी यांचे होते, हे किती जणांना सांगता येईल? दैनंदिन मालिकेचे परीक्षण वृत्तपत्रात क्वचितच येते. आले तरी ते पहिल्या आठवड्याचे, आणि त्यात चर्चा कथानकाची व कलाकारांची.

आपटे यांच्या बाबतीत प्रश्न उद्भवत नाही. मुंबई दूरदर्शनवरील कारकीर्द, 'मी नथुराम गोडसे बोलतोय'चे दिग्दर्शन आणि त्यावरून उठलेले वादळ, शिवाय स्वतःचा अभिनय. २०१३ मध्ये ते गेले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्यावर सविस्तर लिहिले. सई परांजपे यांचीही सुरुवात आकाशवाणी-दूरदर्शनची, पण 'स्पर्श', 'चष्मेबद्दूर', 'कथा' आणि २००६ चे पद्मभूषण यांमुळे संदर्भांचा तुटवडा नाही. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. परांजपे यांचे 'सय' हे आत्मकथन तपशिलासाठी उपयोगी आहे, उल्लेखनीयतेचा पुरावा म्हणून मात्र ते चालत नाही, कारण ते त्यांनीच लिहिलेले आहे. श्रेयनामावली, वाहिनीचे प्रसिद्धीपत्रक, स्वतःचे संकेतस्थळ यांनाही हाच नियम लागू. आयएमडीबीवरील यादी तर पुराव्यात धरलीच जात नाही. तिच्यातील माहिती वापरणारेच भरत असतात.

खरी अडचण आहे ती एकाच दीर्घ मालिकेवर दहा वर्षे घालवलेल्या दिग्दर्शकाची. काम प्रचंड, प्रेक्षक लाखो आणि छापील मजकूर चार ओळींचा. नियमाप्रमाणे त्याचे नाव मालिकेच्या लेखात येते, स्वतंत्र लेख होत नाही. हा अन्याय आहे का? आहे, असेच प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. परंतु त्याचे मूळ विश्वकोशात नसून वृत्तपत्रांत आहे. मनोरंजनाच्या पुरवणीत नायिकेच्या साड्यांना अर्धे पान देणाऱ्या आम्ही मंडळींनी दिग्दर्शकाला विचारलेच नाही, तर कोशकाराने संदर्भ आणावा कोठून?

असे घडते याचे जगप्रसिद्ध उदाहरण दूरदर्शनबाहेरचे आहे. कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलँड यांच्यावरील लेखाचा मसुदा २०१८ मध्ये स्वतंत्र संदर्भांअभावी नाकारला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल जाहीर झाले. टीका झाली ती विकिपीडियावर. पण त्यांच्यावर पुरेसे लिहिलेच गेले नव्हते, हा दोष प्रसारमाध्यमांकडेही जातो.

उलट बाजूही आहे. छापून आले म्हणजे ते स्वतंत्रच, असे मानण्याची सोय भारतात राहिलेली नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतील 'पेड न्यूज'चे प्रकरण गाजले, भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१० मध्ये त्याची दखल घेतली. तेव्हापासूनचा संशय विश्वकोशाच्या चर्चापानांवरही उमटतो. एकाच आठवड्यात चार ठिकाणी शब्दशः सारखी आलेली स्तुती, लेखकाचे नाव नसलेली 'यशोगाथा', मुलाखतीच्या नावाखाली स्वतःचेच वर्णन, हे सारे बाजूला काढले जाते. पैसे घेऊन 'पान बनवून देणारे' दलाल नवोदितांना गाठतात, त्यांचा माल बहुधा याच प्रकारचा असतो. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तसे उघडपणे जाहीर करावे, अशी अट २०१४ पासून आहे. ती न पाळता केलेले लेख पुष्कळदा वगळले जातात. पैसे मात्र परत मिळत नाहीत.

नोंद वगळण्याचा प्रस्ताव आल्यास इंग्रजी आवृत्तीत साधारण सात दिवस चर्चा चालते. ते मतदान नव्हे. पन्नास चाहत्यांनी 'लेख ठेवा' म्हटले तरी उपयोग नाही. एकाने दोन भक्कम संदर्भ दिले की पारडे फिरते. स्वतःवर स्वतः लिहू नये, असाही संकेत आहे. माहिती असल्यास ती चर्चापानावर संदर्भासह मांडावी आणि लेखन इतरांवर सोपवावे.

जुन्या पिढीसाठी एक मुद्दा महत्त्वाचा ठरतो. संदर्भ इंटरनेटवरच असावा अशी अट नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील अडीच दशकांत तेथे घडलेल्या दिग्दर्शकांविषयीचा मजकूर ग्रंथालयांतील वृत्तपत्रांच्या बांधीव फायलींत आणि साप्ताहिकांच्या दिवाळी अंकांत आहे. अंकाचे नाव, तारीख, पृष्ठ आणि लेखकाचे नाव एवढे दिले की तो संदर्भ ग्राह्य धरला जातो. घरी कात्रणे जपून ठेवणाऱ्यांनी कात्रणावर तारीख लिहिलेली आहे ना, एवढे आज पाहावे. तारखेवाचून ते कात्रण सिद्ध करणे फार कठीण जाते.