एका माणसाच्या मापाने शिवलेल्या दोन राज्यघटना : पोलंड, १९२१ आणि १९३५

आज आपण दोन महायुद्धांच्या मधल्या पोलंडकडे जाणार आहोत. वीस-एकवीस वर्षांचा काळ, आणि तेवढ्यात दोन पूर्ण राज्यघटना. पहिली १७ मार्च १९२१ची, दुसरी २३ एप्रिल १९३५ची. पाठ्यपुस्तकात साधारण असं लिहिलेलं असतं की पहिली लोकशाहीवादी आणि दुसरी हुकूमशाहीकडे झुकलेली. हे खोटं नाही. पण आपण आज जरा वेगळ्या बाजूने बघू. या दोन्ही घटना एकाच माणसाकडे बघून लिहिल्या गेल्या. एक त्याला बांधून ठेवायला, दुसरी त्याला मोकळं सोडायला. आणि दोन्ही वेळा तो माणूस त्या खुर्चीत बसलाच नाही.

तो माणूस म्हणजे योझेफ पिउसुद्स्की.

आधी पार्श्वभूमी. १७९५पासून पोलंड नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. ही तिन्ही साम्राज्यं कोसळल्यावर नोव्हेंबर १९१८मध्ये देश परत उभा राहिला. पण कसा? पश्चिमेला जर्मन कायदा, दक्षिणेला ऑस्ट्रियन कायदा, पूर्वेला रशियन कायदा, आणि मधल्या वॉर्सा भागात नेपोलियनच्या काळापासून चालत आलेली दिवाणी संहिता. हे सगळं एकत्र शिवायचं होतं. त्यात लोकसंख्येचा साधारण तिसरा हिस्सा पोलिश नव्हता. युक्रेनियन, ज्यू, बेलारूसी, जर्मन. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला परत लागणार आहे.

२८ नोव्हेंबर १९१८च्या फर्मानाने २१ वर्षांवरच्या सगळ्यांना मताधिकार मिळाला, स्त्रियांनाही. फ्रान्समध्ये स्त्रियांना मत मिळायला १९४४ उजाडलं, हे सोबत ठेवून बघा. जानेवारी १९१९मध्ये निवडणूक झाली आणि सेयम, म्हणजे पोलिश संसद, घटना लिहायला बसली.

संसदेत दोन मोठे विचार समोरासमोर होते. एक रोमान द्मोव्स्कींचा. त्यांच्या मते राष्ट्र म्हणजे भाषा, वंश आणि कॅथलिक परंपरा यांनी बांधलेला पोलिश समाज, आणि राज्य हे त्या समाजाचं साधन. दुसरा विचार पिउसुद्स्कींच्या भोवती जमलेल्या लोकांचा. त्यांना पूर्वीच्या पोलिश-लिथुएनियन राज्यासारखं, अनेक समाजांना पोटात घेणारं राज्य हवं होतं. आता गंमत बघा. कागदावर भांडण व्हायला हवं होतं ते या प्रश्नावर : नागरिक कोण? पण प्रत्यक्षात जोरदार भांडण झालं ते राष्ट्राध्यक्षाला किती अधिकार द्यायचे यावर. कारण त्या खुर्चीत कोण बसणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पिउसुद्स्की तेव्हा राज्यप्रमुख होते आणि सैन्य त्यांच्या शब्दावर चालत होतं.

म्हणून उजव्या गटाने फ्रेंच तिसऱ्या प्रजासत्ताकाचा नमुना पुढे केला. राष्ट्राध्यक्ष सात वर्षांसाठी, पण तो निवडणार संसदेची दोन्ही सभागृहं एकत्र बसून. सेयम विसर्जित करायची तर सिनेटच्या तीन पंचमांश सदस्यांची संमती हवी. आणि सगळ्यात बोलकं कलम म्हणजे राष्ट्राध्यक्ष हा सैन्याचा सर्वोच्च प्रमुख, पण युद्धकाळात त्याने सेनापतीपद स्वतःकडे घ्यायचं नाही. हे कलम वाचताना चेहरा कोणाचा डोळ्यांसमोर होता, हे सांगायला नको!

पिउसुद्स्कींनी काय केलं? डिसेंबर १९२२मध्ये त्यांनी उमेदवारीच नाकारली. असलं हातपाय बांधलेलं पद आपल्यासाठी नाही, हा त्यांचा सूर होता. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा घट्ट सदरा शिवला, तो माणूस निघून गेला आणि सदरा दुसऱ्याच्या अंगावर चढला.

तो दुसरा म्हणजे गाब्रिएल नारुतोविच. जलविद्युत प्रकल्पांचे अभियंते, झुरिचमध्ये प्राध्यापक, नंतर परराष्ट्रमंत्री. ९ डिसेंबर १९२२ला मतदानाच्या पाच फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत नारुतोविच पाच उमेदवारांत चौथे होते. शेवटच्या फेरीत समोर उरले काउंट मॉरित्सी झामोयस्की, देशातले सर्वांत मोठे जमीनदार. विन्त्सेन्ती वितोस यांचा शेतकरी पक्ष जमीनसुधारणा मागत होता. त्यांनी जमीनदाराला मत द्यायचं कसं? त्यांची मतं नारुतोविचना गेली. डाव्यांची गेली, अल्पसंख्याकांच्या गटाचीही गेली. निकाल : २८९ विरुद्ध २२७.

आणि इथे तो बाजूला ठेवलेला प्रश्न दारात येऊन उभा राहिला. उजव्या वर्तमानपत्रांनी लिहायला सुरुवात केली की हा पोलिश लोकांचा राष्ट्राध्यक्ष नाही, तो ज्यू आणि इतर परक्यांच्या मतांवर निवडून आला. आता घटनेत बघा. कलम ९६ सांगतं, कायद्यापुढे सगळे नागरिक समान. अल्पसंख्याकांच्या हक्कांची वेगळी कलमंही होती. मतं नियमाप्रमाणे पडली आणि नियमाप्रमाणे मोजली गेली. तरी अर्धा देश म्हणत होता की यातली काही मतं मोजायचीच नव्हती.

१६ डिसेंबरला, शपथ घेतल्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, वॉर्सातल्या झाखेंता कलादालनात चित्रप्रदर्शन बघत असताना नारुतोविचना गोळ्या घातल्या गेल्या. मारणारा एलिगिउश न्येव्यादोम्स्की, स्वतः चित्रकार. खटल्यात त्याने सांगितलं की त्याला आधी पिउसुद्स्कींना मारायचं होतं. त्याला मृत्युदंड झाला, आणि काही उजव्या मंडळींनी त्याला हुतात्मा ठरवलं.

यातून राजकीय धडा काय घेतला गेला, ते महत्त्वाचं. पुढच्याच वर्षी, १९२३मध्ये, वितोस यांच्या शेतकरी पक्षाने उजव्यांशी करार केला. त्याचा आधार होता ‘पोलिश बहुमत’, म्हणजे सरकार पोलिश खासदारांच्याच बहुमतावर उभं राहील. घटनेत असा शब्द कुठेही नव्हता. पण आता घटनेच्या शेजारी एक न लिहिलेली घटना चालू झाली होती.

पुढची तीन वर्षं आपण थोडक्यात घेऊ. सरकारं येत होती, पडत होती. १९१८ ते १९२६ या काळात डझनाहून जास्त मंत्रिमंडळं झाली. लोक चेष्टेने म्हणायचे, ही सेयमशाही आहे. पोलिश माणसाला यात जुनी जखम आठवायची. अठराव्या शतकात एका सदस्याने नकार दिला की अख्खं अधिवेशन मोडायचं, आणि त्या दुबळेपणात देश गेला, अशी त्यांची समजूत.

१२ मे १९२६ला पिउसुद्स्की सैन्य घेऊन वॉर्सावर चालून आले. राष्ट्राध्यक्ष व्होइचेखोव्स्की त्यांना विस्तुला नदीवरच्या पोन्यातोव्स्की पुलावर भेटले आणि मागे फिरा म्हणाले. ते फिरले नाहीत. तीन दिवसांच्या लढाईत पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. समाजवादी रेल्वे कामगारांनी संप करून सरकारची कुमक रोखली, हेही विसरू नका. डाव्यांनी त्यांना आपला माणूस समजून मदत केली होती.

मग ३१ मेला संसदेने पिउसुद्स्कींना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडलं. आणि त्यांनी परत नकार दिला! खुर्चीत बसले रसायनशास्त्रज्ञ इग्नात्सी मोश्चित्स्की. ऑगस्टमध्ये घटनादुरुस्ती होऊन राष्ट्राध्यक्षाला संसद विसर्जित करण्याचा आणि अध्यादेश काढण्याचा अधिकार मिळाला. खरी सत्ता मात्र बाहेरून चालत होती. १९३०च्या सप्टेंबरमध्ये विरोधी नेत्यांना पकडून ब्रेस्तच्या किल्ल्यात डांबलं. त्यात तीनदा पंतप्रधान झालेले वितोसही होते.

आता दुसरी घटना. सरकारी गटाकडे ४४४पैकी २४७ जागा होत्या, म्हणजे दोन तृतीयांश नव्हत्या. २६ जानेवारी १९३४ला विरोधक निषेध म्हणून सभागृहाबाहेर गेले. नियम असा होता की निम्मे सदस्य हजर असले तर हजर असलेल्यांचे दोन तृतीयांश पुरेत. स्तानिस्वाव त्सार यांनी संधी साधली. चर्चेसाठी मांडलेले मुद्दे हीच घटना समजावी, असा ठराव आणला आणि तो मंजूरही झाला. खुद्द पिउसुद्स्कींना ही चलाखी रुचली नव्हती, म्हणून मसुदा वर्षभर सिनेटमध्ये घोळवला गेला. मार्च १९३५च्या शेवटच्या मतदानात २६० विरुद्ध १३९ मतं पडली. हेसुद्धा दोन तृतीयांशाहून थोडं कमीच!

या घटनेत काय होतं? पहिलंच कलम सांगतं की पोलिश राज्य हे सर्व नागरिकांची सामाईक ठेव आहे. ऐकायला किती छान आहे! ‘पोलिश बहुमत’ म्हणणाऱ्यांना हे उत्तरच होतं. पण पुढे राज्याची एकसंध, अविभाज्य सत्ता राष्ट्राध्यक्षाच्या हाती दिली. तो जबाबदार फक्त देवाला आणि इतिहासाला. सरकार, संसद, सैन्य, न्यायालयं, सगळी त्याच्या छत्राखाली. कलम ७ म्हणतं की सार्वजनिक कामात नागरिकाचा वाटा त्याच्या कर्तबगारीवरून ठरेल. वंश, धर्म, लिंग किंवा राष्ट्रीयत्व यांवरून नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. पण कर्तबगारी मोजणार कोण? सत्तेवर असलेला गट. म्हणजे १९२२मध्ये म्हणत होते, काहींचं मत मोजू नका. आता जवळपास कोणाच्याच मताला फार किंमत उरली नाही. त्या सप्टेंबरच्या निवडणुकीत निम्म्याहून कमी मतदार बाहेर पडले.

आणि पिउसुद्स्की? घटनेवर सही झाली २३ एप्रिलला. ते वारले १२ मेला. एकोणीस दिवस.

घटनेचे एक शिल्पकार वालेरी स्वावेक हे नवे राष्ट्राध्यक्ष होतील अशी योजना होती, पण मोश्चित्स्कींनी पद सोडलं नाही. स्वावेक बाजूला पडले आणि एप्रिल १९३९मध्ये त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. १९३६मध्ये पंतप्रधानांच्या एका परिपत्रकाने सेनानी रिद्झ-श्मिग्वी यांना राज्यातली दुसरी व्यक्ती ठरवलं. घटनेत असं पदच नव्हतं. १९३७मध्ये विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसवायला अधिकृत परवानगी मिळाली. कलम ७ तेव्हाही कागदावर होतंच.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण या घटनेत कलम २४ होतं. युद्धकाळात पद रिकामं झालं तर काय, यासाठी राष्ट्राध्यक्षाने आपला उत्तराधिकारी स्वतः नेमावा, असं ते सांगतं. सप्टेंबर १९३९मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघ दोन्हीकडून घुसले. मोश्चित्स्की रुमानियात अडकले. त्यांनी या कलमाचा आधार घेऊन व्वादिस्वाव राच्क्येविच यांना नेमलं, आणि ३० सप्टेंबरला पॅरिसमध्ये त्यांनी सूत्रं घेतली. तेच निर्वासित सरकार पुढे लंडनला गेलं. त्यात ब्रेस्तच्या राजवटीचे कडवे विरोधकही होते. ज्या घटनेला ते बेकायदा म्हणत होते, तिचाच धागा धरून त्यांनी राज्य जिवंत ठेवलं. फक्त राष्ट्राध्यक्षाने पंतप्रधानांच्या सहमतीने चालावं, असा समझोता आधी करून घेतला.

हा धागा आपल्या कोल्हापूरपर्यंत पोचतो. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत संघात हद्दपार झालेली ही माणसं इराणमार्गे आली. त्यांच्यासाठी पोलंड म्हणजे लंडनमधलं ते सरकार होतं. जुलै १९४५मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली, तेव्हा वळिवड्यातल्या माणसाला आपण कोणत्या देशाचे नागरिक, हा प्रश्न अगदी शब्दशः पडला.

तिकडे पोलंडमध्ये कम्युनिस्टांनी १९४४मध्येच जाहीर केलं होतं की १९३५ची घटना बेकायदा, १९२१चीच खरी. म्हणजे लोकशाही घटनेचं नाव घेऊन एकपक्षीय राजवट आली, आणि हुकूमशाही घटनेच्या आधारावर लोकशाहीवादी परदेशात तग धरून राहिले. डिसेंबर १९९०मध्ये शेवटचे निर्वासित राष्ट्राध्यक्ष काचोरोव्स्की यांनी जुनी राजचिन्हं लेक वालेसांच्या हाती दिली, तेव्हा हा धागा गाठीला लागला.

तेव्हा मंडळी, घटना वाचताना अधिकारांची यादी बघायचीच, पण आणखी दोन गोष्टी विचारायच्या. हे कलम लिहिताना कोणाचा चेहरा समोर होता? आणि तो माणूस उद्या नसला तर ते कोणाच्या हाती जाईल? पोलंडमध्ये अधिकारांवर पंधरा वर्षं भांडण झालं. नारुतोविचना पडलेली सगळी मतं सारखीच मोजायची, एवढी साधी गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी मनापासून मान्य केली नाही. आता तुमच्या प्रश्नांकडे वळूया.