पेन्शनीतली तिची वर्षं

वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) तालुक्यात संत्र्याच्या बागेवर भरवसा ठेवता येत नाही; आंबिया बहार गळाला की वर्ष हातचं गेलं. म्हणून घरात एखादा गुरुजी, ग्रामसेवक किंवा पुलगावच्या दारूगोळा भांडारातला नोकरदार असला, की त्याच्या पेन्शनीवर साऱ्या घराची भिस्त असते. नवऱ्याशी फारकत झाली की याच पेन्शनीबद्दल बाई वकिलाला विचारते, ‘माझं त्यात काही हाय का?’ तिला सरळ उत्तर मिळत नाही, कारण हा हक्क असा कुठल्या एका कायद्यात कधी लिहिलाच गेला नाही.

मागे जायचं तर भोसल्यांपर्यंत जावं लागतं. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. हा मुलूख त्याच राज्यातला. राजघराण्यातल्या राण्यांना पेन्शन बांधून दिली गेली. अशा राजकीय पेन्शनदारांसाठी आणि जुन्या नोकरदारांसाठी १८७१ मध्ये पेन्शन अ‍ॅक्ट आला. त्याचं कलम ११ सांगतं, की धनकोच्या मागणीवरून कोणत्याही कोर्टाला पेन्शन जप्त करता येणार नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनेही, कलम ६० मध्ये, सरकारी पेन्शन जप्तीतून वगळली. म्हाताऱ्याच्या तोंडचा घास सावकाराने काढू नये, हा हेतू चांगलाच होता. पण बायको कुठे उभी आहे, सावकाराच्या रांगेत की घरात, हे कोणी स्पष्ट केलं नाही. त्याच कलम ६० नुसार पोटगीच्या हुकुमासाठी पगाराचा एक तृतीयांश भागच सुरक्षित राहतो, उरलेला धरता येतो. म्हणजे नवरा नोकरीत असेतो त्याचा पगार हाती लागणार आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून दार बंद. नेमकं तिच्या उतारवयात!

दुसरा धागा पोटगीचा. इकडे अनेक जातींत पंचांसमोर काडीमोड होत असे. मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये झाला, पण वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होता. तो कायदा इथे लागू नव्हता. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला आणि त्याच्या कलम २५ ने कायमची पोटगी दिली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, कलम १२५ मध्ये, पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेलाही ‘पत्नी’ मानलं. मर्यादा मात्र महिना पाचशे रुपये! ती उठायला २००१ साल उजाडलं.

मधल्या काळात पेन्शनीकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. १७ डिसेंबर १९८२ ला, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने नाकरा खटल्यात म्हटलं, की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, ते केलेल्या सेवेचं मागाहून दिलेलं मोल आहे. मला हे वाक्य अर्धंच वाटतं. सेवा त्याने केली खरी. पण त्या तीस वर्षांत डबा कोणी भरला, बदल्यांच्या गावी संसार कोणी हलवला, सासूचं दुखणं कोणी काढलं? ते श्रम त्या मोलात मोजले गेलेच नाहीत.

२०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निदान एक गाठ सोडवली. वेगळ्या राहणाऱ्या पत्नीच्या पोटगीची रक्कम कमी केली, पण पत्नी ही धनको नव्हे, तेव्हा पेन्शन कायद्याच्या कलम ११ चं संरक्षण तिच्याविरुद्ध वापरता येत नाही आणि पोटगीसाठी पेन्शन जप्त होऊ शकते, असं ठरवलं. रांग कुठली, याचं उत्तर यायला १४८ वर्षं लागली.

तरीही ही पोटगी आहे, वाटा नाही. जर्मनीने १९७७ पासून घटस्फोटावेळी संसाराच्या काळातली पेन्शन दोघांत वाटायला सुरुवात केली. ब्रिटनने डिसेंबर २००० पासून वाटणीची सोय केली. अमेरिकेतल्या मराठी जोडप्याचं मोडलं, तर तिथलं कोर्ट खाजगी पेन्शन योजनेलाच थेट बायकोचा हिस्सा द्यायला सांगू शकतं. आपल्याकडे नवरा वारला की त्याची पेन्शन थांबते, आणि १९६४ मध्ये सुरू झालेलं कुटुंब निवृत्तिवेतन घटस्फोटितेला मिळत नाही. केंद्राच्या नियमांत न्यायिक विभक्त पत्नीला ते काही अटींवर मिळू शकतं. घटस्फोटित पत्नीच्या पात्र मुलांनाही आईच्या वाट्याचं मिळतं, आईला नाही. संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जावर सही करण्याआधी हा फरक तिला कोणीतरी बसवून समजावायलाच हवा.

शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली पोटगीच्या सुरक्षेसाठी नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवता येतो. बाग असेल तर तो सातबाऱ्यावर इतर हक्कांत चढवून घ्यावा. नागपूरहूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यानंतर, म्हणजे २०२० पासून, पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं; त्याची पेन्शन त्यात आली आहे का, हे तिच्या वकिलाने पाहावं. आणि कलम १२५ ची, म्हणजे जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १४४ ची, थकबाकी वसूल करायची तर ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.