अवजड ट्रेलर ओढणारा पिकअप घाटात दगा का देतो? देखभालीच्या या गोष्टी माहीत असायलाच हव्यात!

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणापासून एक रस्ता डोंगर चढत जातो. लांबी साधारण १८ किलोमीटर, उंचीतली वाढ जवळपास ९०० मीटर आणि उन्हाळ्यात अंगाची लाही करणारं ऊन. पिकअप ट्रकची ओढण्याची क्षमता ठरवणाऱ्या 'एसएई जे २८०७' या मानकात याच चढाची परीक्षा आहे. बाहेर सुमारे ३८ अंश तापमान, एसी पूर्ण चालू, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर आणि तरीही ठरावीक वेगाच्या खाली यायचं नाही!

पण ही परीक्षा नव्याकोऱ्या गाडीची असते. आठ-दहा वर्षं वापरलेल्या, रेडिएटरमध्ये धूळ बसलेल्या गाडीचं काय?

हे पिकअप आपल्याकडच्यासारखे नसतात

फोर्ड एफ-२५०, रॅम २५००, शेवरले सिल्व्हरॅडो २५०० एचडी ही अमेरिकेतल्या 'हेवी ड्युटी' पिकअपची नेहमीची नावं. या वर्गात मालासकट गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा साधारण ३,८५६ ते ६,३५० किलो असते. घोडे, गुरं, बोटी, ट्रॅक्टर किंवा चाकांवरचं अख्खं घर ओढायला लोक ते वापरतात.

आपल्याकडे बंद पडलेली गाडी दोरीने ओढून नेण्याला 'टोचन' म्हणतात. इथला प्रकार वेगळा आहे. गाडीच्या चासीला घट्ट बसवलेल्या हिचवर लोखंडी गोळा असतो आणि त्यावर ट्रेलर अडकवलेला असतो.

खरा शत्रू वजन नाही, उष्णता आहे

मोठं डिझेल इंजिन वजन ओढतंच. प्रश्न असतो तो ओढताना तयार होणारी उष्णता बाहेर टाकण्याचा.

सर्वात आधी फटका बसतो तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. चढावर तो घसरत राहिला की आतलं ऑइल तापतं. हे ऑइल साधारण ८० ते ९५ अंशांत नीट काम करतं. १२० अंशांच्या वर बराच वेळ राहिलं तर त्याचा कस झपाट्याने जातो. ताजं ऑइल बहुधा लाल असतं. ते तपकिरी झालं, जळका वास यायला लागला, तर आतल्या क्लच प्लेट झिजायला लागल्या असं समजावं.

म्हणूनच गाडीसोबतच्या पुस्तिकेत दोन वेळापत्रकं असतात, एक साध्या वापराचं आणि एक कठोर वापराचं. नियमित ट्रेलर ओढणारी गाडी दुसऱ्या प्रकारात मोडते. तिचं इंजिन ऑइल, गिअरबॉक्स ऑइल, मागच्या डिफरन्शियलचं ऑइल आणि फिल्टर लवकर बदलावे लागतात. अनेक मालक पहिलंच वेळापत्रक पाळतात आणि मग गिअरबॉक्स उघडायची वेळ येते.

ट्रेलर जोडल्यावर 'टो-हॉल' बटण दाबणंही तितकंच महत्त्वाचं. त्यामुळे गिअर उगाच वर-खाली होत नाहीत आणि उतारावर गाडी आपणहून खालच्या गिअरमध्ये येते.

चढणं सोपं, उतरणं अवघड

समजा, पिकअप साडेतीन टनांचा आणि ट्रेलर साडेचार टनांचा आहे. एकूण ८ टन वजन ९०० मीटर खाली उतरवायचं तर सुमारे दोन लिटर डिझेल जाळल्यावर निघते तेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. त्यातली थोडी हवेच्या आणि टायरच्या रोधात जाते. बाकीची ब्रेकवर सोपवली, तर डिस्क लालभडक होतात.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. ताजं 'डॉट ३' ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. पेडल थेट तळाला जातं आणि ब्रेक लागतच नाही! म्हणून दर दोन-तीन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणं हा फालतू खर्च नाही.

ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम तिथेही तंतोतंत लागू पडतो. डिझेल पिकअपमध्ये एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो चालू ठेवावा. पायातला ब्रेक सतत दाबून न ठेवता, वेग कमी होईपर्यंत नीट दाबून मग सोडावा.

ट्रेलर नागमोडी का धावतो?

साध्या हिचवर ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर यायला हवा. साडेचार टनांच्या ट्रेलरसाठी हा भार ४५० ते ६७५ किलो होतो आणि तो पिकअपच्या माल वाहण्याच्या क्षमतेतून वजा होतो. ही क्षमता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेली असते.

सामान मागे जास्त भरलं की गोळ्यावरचा भार कमी होतो आणि ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. अशा वेळी स्टीअरिंग झटकू नये, गाडीचा ब्रेकही जोरात दाबू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावावेत.

लक्षणावरून दोष ओळखा

• चढावर ताकद कमी, काळा धूर, शिट्टीसारखा आवाज: टर्बोपासून इंजिनकडे जाणारा हवेचा पाइप फाटलेला किंवा निसटलेला असू शकतो. एअर फिल्टरही पाहावा.

• ताकद कमी, पण धूर नाही: डिझेल फिल्टर तुंबलेला किंवा त्यात पाणी साचलेलं असण्याची शक्यता.

• गरम इंजिनातूनही गोडसर वासाचा पांढरा धूर, कूलंट कमी होत जाणं: कूलंट इंजिनात शिरतंय. गाडी पुढे न्यायची नाही.

• फक्त चढावर तापमान वाढणं: रेडिएटरच्या जाळीत कचरा, ढिला फॅन क्लच किंवा थकलेला वॉटर पंप. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये.

• इंडिकेटर दिला की ट्रेलरचे सगळेच दिवे मंदावणं: बहुतेक वेळा अर्थिंगची वायर गंजलेली असते. बल्ब बदलण्याआधी प्लग आणि अर्थिंग घासून साफ करावं.

• ट्रेलरचं एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम: बेअरिंगमधलं ग्रीस संपलंय किंवा ब्रेक चिकटलाय. ग्रीस वर्षातून एकदा बदलायला हवं.

निघण्याआधीची दहा मिनिटं

टायर थंड असताना ट्रेलरसकट सगळ्यांची हवा तपासावी. कमी हवेचा टायर वजनाखाली तापून फुटतो. चाकांचे नट, हिचची पिन आणि गोळ्यावरचं कुलूप हाताने हलवून पाहावं. सेफ्टी चेन गोळ्याखालून एकमेकींवर आडव्या घ्याव्यात, म्हणजे ट्रेलर सुटलाच तर त्याचा दांडा रस्त्यावर आपटत नाही. ट्रेलर सुटल्यावर आपोआप ब्रेक लावणाऱ्या स्विचची वायर आणि बॅटरीही तपासावी. शेवटी, सपाट जागी हळू वेगात ट्रेलरचे ब्रेक लागतात का, हे पाहावं.

वेगाचंही भान हवं. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे.

गाडी किती ओढते हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ती ८ टनांसकट वळणावर थांबेल का, हे मात्र मालकाने केलेल्या देखभालीवरच ठरतं.